मातीचा बैल चालवायचा तर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या संभाजीनगरच्या उन्हात मुलांना दुपारी बाहेर सोडवत नाही, आणि घरात बसवलं तर मोबाइल हातातून सुटत नाही. मग त्या मोबाइललाच कामाला लावू या की! आज आपण स्टॉप-मोशनबद्दल बोलू. वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू चालू लागते.

हे वेड आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. ती पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहायला मदत झाली. पण रोप आपलं आपण वाढत होतं. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या, त्या मात्र हातानेच हलवाव्या लागल्या. आपल्याला करायचंय ते हे दुसरं.

मुलं पहिल्याच दिवशी लढाया आणि राक्षस ठरवतात. त्यांना एकच बैल करायला सांगा, पोळ्याचा असतो तसा. शाडू नको, ती वाळली की तडकते. न वाळणारा रंगीत क्ले घ्या आणि पायांत बारीक तार घाला, म्हणजे पाय वाकवता येतील. सेकंदाला 12 फोटो धरले तर दहा सेकंदांना 120 लागतात. दर फोटोला बैल 3 मिलिमीटर पुढे नेला, तर तो एकूण 36 सेंटिमीटर चालेल. टेबलावर तेवढी जागा आधीच मोजून ठेवा. निघताना आणि थांबताना मात्र त्याला एकेकच मिलिमीटर सरकवा, नाहीतर तो धक्का बसल्यासारखा दिसतो.

आता खरं दुखणं. बहुतेकांचा चित्रपट बैलामुळे नाही, तर जे हलायला नको ते हलल्यामुळे बिघडतो. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा आणि स्टँडचे पाय टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा. पडद्यावर बोट लागलं तरी मोबाइल हलतो, म्हणून इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा. बऱ्याच मोबाइलमध्ये ते चालतं. खिडकी पूर्ण झाका. ऊन सरकत राहतं, आणि नंतर बैलाच्या पाठीवर उजेड-अंधार लुकलुकतो. एकच बल्ब ठेवा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात, तेवढं विसरू नका. फोटो काढणाऱ्याने पांढरा सदरा घालू नये, त्याचा उजेड बैलावर पडतो.

कागदी चित्रं हलवणार असाल तर पंखा बंद करावा लागेल. मे महिन्यात हे सांगताना मलाच घाम फुटतोय! तेव्हा कागदाचं काम पहाटे उरका, किंवा कागदावर काच ठेवा.

‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ नावाचं अ‍ॅप मोबाइलवर मिळतं. त्यात मागचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे बैल किती सरकला ते लगेच कळतं. आवाज सगळ्यात शेवटी भरा. घुंगरं नसतील तर किल्ल्यांचा जुडगा हलवा, पण पावलाच्या तालात.