पाओला, कियारा आणि मधली नऊ-दहा वर्षं

हेडफोन लावलेत ना?

मागच्या आठवड्यात रात्री डिप्लॉयमेंट चालू होतं, मी बिल्डकडे बघत बसलो होतो. प्लेलिस्ट आपली आपण पुढे सरकली आणि 'वामोस आ बायलार' लागलं. म्हटलं, स्पॅनिश बँड दिसतोय. शोधलं तर निघाल्या मिलानच्या दोघी बहिणी. कियारा १९७३ ची, पाओला १९७४ ची, आणि जोडीचं नाव 'पाओला ए कियारा'. म्हणजे धाकटीचं नाव आधी! आमच्या घरी यावरून महाभारत झालं असतं.

दोघींची सुरुवात झाली ती मागे उभं राहून. मॅक्स पेत्सालीच्या '८८३' या बँडमध्ये त्या कोरस द्यायच्या. मग १९९७ ला सानरेमो महोत्सवात नवोदितांच्या गटात पहिल्या आल्या. गाणं होतं 'आमिची कोमे प्रीमा', म्हणजे 'पूर्वीसारखेच मित्र'. पुढचं माहीत असलं की हे नाव जरा बोचतं.

२००० मध्ये त्यांनी चक्क गाडीच बदलली. आधीचा सौम्य बाज सोडून सरळ डान्स-पॉप. चालू प्रॉडक्ट बाजूला ठेवून पहिल्यापासून कोड लिहायचा, असं धाडस. 'वामोस आ बायलार' त्याच वर्षीचं, आणि त्या उन्हाळ्यात इटलीभर वाजलं.

२०१३ ला जोडी फुटली. पाओला डीजे झाली, कियारा अभिनयाकडे वळली.

इथे मी पॉज दाबला. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, हा पॉडकास्टही दोघांचा होता. भांडण असं झालंच नाही हो. एडिटिंग कोणी करायचं यावरून कुरबुर, मग मेसेज कमी, मग फक्त वाढदिवसाला केकचा इमोजी.

तर, जुलै २०२२. मिलानचं सान सिरो स्टेडियम, मॅक्स पेत्सालीचा कॉन्सर्ट, आणि स्टेजवर या दोघी एकत्र! ज्याच्या मागे उभं राहून सुरुवात केली, त्याच्याच स्टेजवर. पुढच्याच वर्षी सानरेमोत 'फुरोरे' घेऊन उतरल्या. २८ स्पर्धकांत सतराव्या. नंबर काही भारी नाही, पण गाणं ऐका, पाय हलले नाहीत तर मला सांगा. २०२४ ला तर महोत्सवाआधीचा 'प्रिमाफेस्टिव्हल' हा शो दोघींनी मिळून होस्ट केला.

'फुरोरे'ची लिंक मी काल त्याला पाठवली. निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.