शरणपूरची काळी पोरं

मी इतिहासाचा मास्तर नाही. मॅट्रिक झालो, मुंबईच्या गोदीत बोजा उचलतो, कविता लिहितो. पण नाशिकच्या शरणपूर चर्चच्या मंडळीचा एक इतिहास आमच्या धक्क्यावरून सुरू होतो, म्हणून बोलायला उभा आहे.

नाशिकचे ख्रिस्ती म्हटलं की ना. वा. टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण कवी. नि लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा, बाईंची भाषा अस्सल आहे. पण त्यांच्या आधी तिथं गुडघे कोण टेकत होतं?

1850 नंतर प्राइस पाद्र्यानं शरणपूर वसवलं. तेव्हा इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं धरायचं. आईबापापासून तोडलेली आफ्रिकी पोरं मुंबईला उतरायची. त्यांतली कितीतरी शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, बायबल. आईनं ठेवलेलं नाव गेलं; कुणी जेकब झाला, कुणी मॅथ्यू.

1865 साली लिव्हिंग्स्टन मुंबईला आला नि इथली नऊ पोरं मोहिमेवर घेऊन गेला. 1873 ला तो आफ्रिकेत मेला. इथंच शिकून पुढं त्याच्याकडे गेलेल्या जेकब वेनराइटनं प्रार्थना वाचली, झाडावर साहेबाचं नाव कोरलं. मग त्या काळ्या माणसांनी महिनोन् महिने पायी चालत प्रेत समुद्राला आणलं. 18 एप्रिल 1874 ला साहेबाला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. वाहणाऱ्यांना कोण विचारतो? बोजा उचलणाराचं नाव बिलावर नसतं, हे मला शिकवायला नको. त्याच सुमारास शरणपूरच्या आफ्रिकींना मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला हलवायला सुरुवात झाली.

आता आपलं. नगर-नाशिककडचे महार-मांगही मिशनच्या दारात गेले. याच नाशकात 2 मार्च 1930 पासून आपण काळारामाचं दार ठोठावलं. पाच वर्षं उघडलं नाही. चर्चनं आत घेतलं, हे कबूल करा. मात्र 1950 च्या आदेशानं सांगितलं, ख्रिस्ती झालास, आता तू अनुसूचित नाहीस. गावानं त्याला बाटगा महारच म्हटलं, सरकारनं तेवढी सवलत काढली. बौद्धांनाही हाच दणका बसला होता. 1990 ला आपण यादीत आलो. ख्रिस्ती अजून बाहेर. आणि आपल्यातलेच काही म्हणतात, बाहेरच राहू द्या, वाटा कमी होईल! अरे, हीच भाषा काळारामाचे पुजारी बोलत होते.

तेव्हा आजच्या ठरावात त्यांची मागणी घाला. शरणपूर रोड इथून लांब नाही. पुढच्या बैठकीला तिकडची पोरं बोलवा. निरोप द्यायला मी जातो.