घट्ट की सैल?

आपण काय घालावं हे आपल्याखेरीज इतर सगळ्यांना ठाऊक असतं. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायची, म्हणजे माउंटन बायकिंगची हौस जडली की हे फार जाणवतं. अंगाला चिकटणारे लायक्राचे कपडे घ्यावेत, की सैल हाफपँट आणि ढगळ शर्ट?

खेळ जन्मला तेव्हा हा वाद नव्हता. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून पळवायच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा, की ब्रेक तापून आतलं ग्रीस जळून जाई आणि ते नव्यानं भरावं लागे. त्यावरून वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. अंगावर जीनची पँट, जाड शर्ट, पायात कामाचे बूट. पडलो तर कातडी वाचावी, एवढाच हिशेब.

पुढे दोन फाटे फुटले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झाला तो क्रॉसकंट्री. त्यात तासाभरात पाय हजारो वेळा फिरतो. कापडाची एक घडी मांडीत आली, तरी दर फेरीला ती घासते. म्हणून तिथे घट्ट कपडे. दुसरा फाटा डाऊनहिलचा, नुसत्या उताराचा. तिथे गुडघ्या-कोपरांना पॅड बांधायचे, वर जाड, सैल कपडे. त्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अंगाला चिकटणाऱ्या लायक्राला चक्क मनाई आहे. खेळ एकच, पण इकडे जे हवं, तेच तिकडे चालत नाही!

हौशी माणसासाठी मधला मार्ग आहे. आत गादी असलेली घट्ट चड्डी, वरून सैल हाफपँट. गादीच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये. तिच्या शिवणी घासतात. सैलपणालाही मर्यादा हवी. तीव्र उतारावर आपण सीटच्या मागे सरकतो. लोंबती पँट सीटच्या टोकाला अडकली, तर ऐनवेळी पुढे येता येत नाही. पायघोळ कपडा साखळीत सापडतो, हे तर जुन्या सायकलस्वारांना सांगायलाच नको. ते पँटला क्लिप लावत. सह्याद्रीत करवंदीच्या जाळ्या आहेत, नुसत्या लायक्राच्या त्या चिंध्या करतील. आणि पावसात सुती कपडा भिजून जड होतो, लवकर वाळत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे ती बघणाऱ्यांची नजर. पोट सुटलेला पन्नाशीचा गृहस्थ लायक्रा घालून आरशासमोर उभा राहतो आणि सायकल भिंतीलाच टेकून राहते. मुलींचं तर विचारूच नका. आमचा मोहल्ला काय आणि तुमची आळी काय, 'आता मोठी झालीस' या तीन शब्दांनी किती सायकली गंजल्या असतील! घट्ट घातलं तर लाज नाही म्हणायचं, सैल घातलं तर हिला काय जमणार म्हणायचं.

२०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये मसूमा अलीजादा ही अफगाण तरुणी निर्वासितांच्या संघातून सायकल शर्यतीत उतरली. शर्यत डोंगरातली नव्हती, सडकेवरची होती. पण तिनं हेल्मेटखाली रुमाल बांधला होता, हातपाय झाकलेले होते आणि कपडे शर्यतीला साजेसे अंगासरशी होते. झाकणं आणि वेग यांचं भांडण लावतात ते बघणारे.

तेव्हा दुकानात गेलात तर कपडा घालून आधी उकिडवे बसा. एकेक गुडघा छातीपर्यंत आणा, कमरेत वाका. कुठे ओढत नसेल, कुठे लोंबत नसेल, तर तो कपडा तुमचा. आणि घरातली मुलगी असा कपडा निवडत असेल, तर लोक काय म्हणतील हे तिला विचारू नका. वाट चढाची आहे की उताराची, तेवढं विचारा.