कर्मादान, कोळसा आणि ताडोबा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विश्वस्तांनी मला ‘अहिंसा आणि पर्यावरण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय विशाल आहे. मी तो चंद्रपूर जिल्ह्यापुरताच घेतो, कारण व्यवसायानिमित्त तो प्रदेश मी जवळून पाहिला आहे.

तेथे भूगर्भात कोळसा आणि त्याच भूमीवर वाघाचे वन. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. दक्षिणेस २,९२० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र व खुल्या खाणी. वाघाला नकाशावरील सीमा ठाऊक नसते. वयात आलेला नर स्वतःचे क्षेत्र शोधण्यास निघतो, आणि वाटेत खाण आली की मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांतच मुक्काम करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या केंद्राच्या आवारात एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावला. वाघाला वाट उरली नाही की माणसाचेही असे मरण ओढवते.

ताडोबाजवळ लोहारा येथे खाण होणार होती. चंद्रपूरचे नागरिक उभे राहिले, उपोषणे झाली, आणि २००९ मध्ये ती थांबली. २०२० मध्ये बंदर खाणपट्टाही लिलावाच्या यादीतून वगळला गेला. आपण पांजरापोळ चालवतो, त्याचा मला अभिमान आहे. परंतु वनातील जीव पांजरापोळात कसा मावणार?

कोणी विचारील, मग वीज नको काय? प्रश्न रास्त आहे. या मंडपातील दिवेही बहुधा कोळशावरच उजळले असतील. परंतु कोळसा अन्यत्रही सापडतो, वीज सूर्यापासूनही मिळते. वाघाची वाट मात्र एकदा खणली की दुसरीकडे नेता येत नाही.

श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म आणि स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडणे, ही तीन आहेत. प्रतिक्रमणात त्यांचा उच्चार मी नित्य केला, आणि सकाळी वखार उघडून वीस वर्षे कोळसा विकला. मुलाने विचारले तेव्हा, ‘खाण आपली थोडीच आहे?’ असे उत्तर दिले. ते उत्तर आज मला पटत नाही.

पौष दशमीला आपल्यापैकी अनेकजण भद्रावतीस स्वप्नदेव केशरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास जातात. परतताना त्या परिसरातील एखाद्या खाणीचा ढिगारा थांबून पाहावा. त्यांतील कोणत्या खाणीचा माल माझ्या वखारीत आला होता, हे मला आता सांगता येणार नाही. तेव्हा मी कधी विचारलेच नव्हते.