वेल्डिंग संपल्यानंतरचा एक तास

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल." एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. मी वेल्डिंगवर बोलणार आहे. हसू नका! मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, ते मोठ्या कारखान्यांत 'हॉट वर्क परमिट' देण्यासाठी वापरतात. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग अशी ठिणग्या उडवणारी कामं सुरू करण्याआधी घ्यायची ही लेखी परवानगी. आणि इथे समोर टॉवेलचे कारखानदार बसलेत, फॅब्रिकेशनवाले बसलेत, यंत्रमागाच्या खडखडाटात लहानाचे मोठे झालेले तर कितीतरी. शिवाय आपली बॅच शाळेला सायकलस्टँडची लोखंडी शेड देणार आहे. म्हणजे विषय घरचाच आहे.

वेल्डिंगचे नेहमीचे धोके सगळ्यांना ऐकून माहीत असतात. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला की दिवसभर काही वाटत नाही, आणि रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. मग बटाट्याच्या चकत्या. चकत्यांनी गार वाटतं एवढंच, डॉक्टरांना दाखवावंच लागतं. उन्हाचा गॉगल इथे चालत नाही, वेल्डिंगची काळी काच लावलेला मुखवटाच हवा. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर वेल्डिंग केलं की जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ किंवा दूध हा उपाय नाही. जोडायच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढणं आणि मोकळ्या हवेत काम करणं, हा उपाय आहे. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात वेल्डर बनियन आणि चपलेवर काम करतात, ते पाहून माझा जीव खाली-वर होतो. पॉलिस्टरचा टी-शर्ट तर त्याहून वाईट. तो वितळून कातडीला चिकटतो. अंगात जाड सुती कपडा हवा. तो सोलापुरात मिळत नाही असं कोणी म्हणू नये!

पण मला आज बोलायचंय ते आगीबद्दल. आणि आगीतही एका ठरावीक वेळेबद्दल.

वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. लोखंड सुमारे १५०० अंशांना वितळतं, कापूस सुमारे ४०० अंशांना पेट घेतो. आठवीतला ज्वलनाचा धडा आठवा: जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. आपल्या कारखान्यांत पहिल्या दोन गोष्टी चोवीस तास हजर असतात. मागाखाली, पंख्याच्या पात्यावर, छताच्या अँगलवर रुईचा थर साचलेला असतो. तिसरी गोष्ट वेल्डर पिशवीत घेऊन येतो.

गंमत अशी की, कापूस नेहमी भडकन पेटतोच असं नाही. गाठीत किंवा रुईच्या ढिगात शिरलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते. ज्वाळा नाही, धूरही जेमतेम. वेल्डर सामान आवरून निघून जातो, मालक शटर ओढतो, आणि आग नंतर बाहेर येते.

१८ मे २०२५ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आठ जीव गेले. त्या आगीचा वेल्डिंगशी संबंध मी जोडत नाही. पण सुताचा साठा पेटला की काय होतं, हे आपल्या गावाला त्यानंतर वेगळं सांगायला नको.

ठिणगीने लागलेल्या आगीचं एक जुनं उदाहरण सांगते. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात नॉर्मंडी या प्रचंड प्रवासी जहाजाचं सैनिकी जहाज करण्याचं काम चालू होतं. गॅस कटिंगची ठिणगी जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडली. त्या जाकिटांत भरलं होतं कपोक, म्हणजे आपल्या आजीच्या उशीतल्या सावरीच्या कापसासारखाच कापूस. आग पसरली, ती विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भाराने जहाज कलंडलं, आणि ते पुन्हा कधीच प्रवासाला निघालं नाही. ढीग आधी हलवला असता तर एवढं सगळं टळलं असतं.

म्हणून परमिटमध्ये ज्या गोष्टी असतात, त्या फार साध्या आहेत. कामाच्या चारी बाजूंना ३५ फुटांपर्यंत जळण्यासारखं काही नको. हलवता येत नसेल तर पत्र्याने किंवा फायर ब्लँकेटने झाका, चादरीने नाही. भिंतीतली भोकं, जमिनीतल्या फटी बुजवा. पाणी किंवा एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. रिकाम्या डिझेलच्या पिंपाला वेल्डिंग करू नका. पिंप रिकामं दिसतं, पण आत वाफ असते. १९४८ च्या कारखाने कायद्याचं ३७ वं कलम हेच सांगत होतं: ज्वालाग्राही पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय अशा टाकीला उष्णता लावायची नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी सगळेच गाळतात: काम संपल्यावर तिथे एक माणूस थांबला पाहिजे. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या मानकात ही वेळ पूर्वी अर्धा तास होती, २०१९ च्या आवृत्तीत ती एक तास झाली. त्या माणसाचं काम एकच: बघत बसायचं, वास घ्यायचा, हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते पाहायचं.

हा तास का गाळला जातो? वेल्डरच्या निष्काळजीपणामुळे, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपण बाहेरून वेल्डर बोलावतो आणि पैसे कामाचे ठरवतो, वेळेचे नाही. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं असतं. शेवटचा टाका पडला की आपल्या हिशेबात त्याचं काम संपलं. मग तो फुकट एक तास का बसेल? त्या तासाचे पैसे आपण द्यायला हवेत, किंवा आपला माणूस बसवायला हवा. कोट्यवधींच्या मागांपुढे आणि आत काम करणाऱ्या माणसांपुढे एका तासाची मजुरी म्हणजे काहीच नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. शेडच्या कोटेशनमध्ये चार ओळी वाढवूया. काम सुट्टीच्या दिवशीच. भोवती आडोसा, कारण आर्क दिसला की पोरं बघायला धावणारच; आपणही धावलो असतो. वेल्डरला मुखवटा, हातमोजे आणि बूट आपल्या खर्चाने. आणि काम संपल्यावर एक तास पहारा, त्याची मजुरी वेगळी लिहून. ती मजुरी मी देते.

आणि कारखानदार मित्रांनो, तीच चौथी ओळ उद्यापासून तुमच्याही कामाच्या चिठ्ठीवर येऊ द्या.