सहल विद्यार्थ्यांची, हिशेबही विद्यार्थ्यांचाच

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वर्गावर्गांतून शैक्षणिक सहलीची सूचना वाचून दाखवली जाते. त्या वेळी ठिकाण ठरलेले असते, तारीख ठरलेली असते आणि वर्गणीचा आकडाही ठरलेला असतो. विद्यार्थ्याकडे एकच काम उरते, ते म्हणजे घरी जाऊन पैसे मागणे. ज्याच्या घरी ते मिळतात तो सहलीला जातो. ज्याच्या घरी मिळत नाहीत तो पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहतो. दुसऱ्या दिवशी वर्ग सहलीच्या गोष्टी सांगत असतो आणि तो विद्यार्थी मान खाली घालून ऐकत असतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढीच नोंद होते. तो का आला नाही, हे कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

ही गोष्ट बदलण्याचा एक साधा मार्ग आहे. सहलीचे नियोजन आणि तिचे अंदाजपत्रक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. यातून मुलांना गणित येते, व्यवहार कळतो, हे फायदे आहेतच. परंतु सर्वांत मोठा फायदा वेगळा आहे. कागदावर खर्च मांडला, की वर्गातील गरीब सोबत्याला मागे ठेवून कोणाचाही लाभ होत नाही, हे मुलांना स्वतःच्या हिशेबातून दिसते.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि सोबत ४ शिक्षक जाणार आहेत. गाडीभाडे ९,६०० रुपये, माणशी ५० रुपयांप्रमाणे ४४ जणांचे जेवण २,२०० रुपये, औषधपेटी २०० रुपये. ही बेरीज १२,००० रुपये होते. अचानक येणाऱ्या खर्चासाठी त्यावर दहा टक्के, म्हणजे १,२०० रुपये धरले, तर एकूण १३,२०० रुपये आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३३० रुपये पडतात.

आता समजा, आठ विद्यार्थ्यांना ही रक्कम झेपत नाही आणि ते घरी राहिले. जेवणाचे ४०० रुपये वाचले आणि आकस्मिक खर्चातील ४० रुपये कमी झाले. एकूण खर्च १२,७६० रुपयांवर आला. आठ मुले मागे राहिली, आणि बचत झाली अवघी ४४० रुपयांची! शिवाय उरलेल्या ३२ जणांची वर्गणी ३३० वरून जवळजवळ ३९९ रुपयांवर गेली, कारण बाके रिकामी राहिली तरी गाडीभाडे कमी होत नाही. याउलट त्या आठ जणांकडून निम्मी, म्हणजे प्रत्येकी १६५ रुपये वर्गणी घेतली, तर इतरांना सुमारे ३७१ रुपये द्यावे लागतात. म्हणजे गरीब सोबत्याला निम्म्या वर्गणीत नेले, तर त्याला घरी ठेवण्यापेक्षा इतरांचे प्रत्येकी २७ रुपयांहून अधिक वाचतात.

दुकानाचे भाडे गिऱ्हाईक आले तरी द्यावे लागते आणि न आले तरी द्यावे लागते, हे व्यापारी कुटुंबात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ठोक खर्च कोणता आणि माणसागणिक वाढणारा खर्च कोणता, हा भेद व्यापाराचा पाया आहे. तोच भेद शाळेतील मुलांना समजला, तर 'गरिबाला सवलत म्हणजे इतरांवर भार' हा गैरसमज मुळातूनच जातो. ही शिकवण उपदेशाने होत नाही. मुलांनी बेरीज-भागाकार स्वतः केला, तरच ती मनात उतरते.

मुलांच्या हाती व्यवहार देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करीत. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचे ब्रीद आहे. घरोघरीच्या मूठमूठ धान्यातून उभा राहणारा 'मूठफंड' हाही त्याच संस्थेच्या इतिहासाचा भाग आहे. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाक आणि या सर्वांचा हिशेब हाच अभ्यास मानला गेला. आजही ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळांत 'बाल आनंद मेळावा' भरतो. मुले घरची भाजी, फळे, खाद्यपदार्थ मांडून विकतात आणि संध्याकाळी गल्ला मोजतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचे सुचवले आहेत. सहलीचे नियोजन त्या दिवसांत उत्तम बसते.

आता प्रत्यक्ष कृतीचा विचार करू. वर्गाने चार लहान समित्या नेमाव्यात : स्थळ, प्रवास, भोजन आणि हिशेब.

स्थळ समितीने प्रथम आपल्याच तालुक्यांकडे पाहावे. शहापूर तालुक्यात आसनगावजवळ माहुलीचा किल्ला आहे. १६३६ साली शहाजीराजांनी येथेच वेढ्याला तोंड दिले होते. याच तालुक्यातील तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवीत आहे आणि भातसा हा मुंबईच्या पाण्याचा फार मोठा आधार आहे. याच तालुक्यातील कित्येक गाव-पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. धरण पाहण्यासाठी संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी लागते. तो अर्ज मुलांनीच लिहावा, म्हणजे मराठीच्या तासाचाही उपयोग होईल. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ते बलिदानस्थळ वर्गाने एकदा तरी पाहावे.

हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद स्थळ म्हणजे नाणेघाट. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून ही प्राचीन वाट जुन्नरकडे चढते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी यांची त्यात आकड्यांसह नोंद आहे. भारतातील अंकलेखनाच्या अत्यंत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. दान किती दिले, हे आकड्यांत लिहून ठेवण्याची रीत येथे दगडावर कोरलेली आहे. जवळच दगडी रांजण आहे आणि घाटातील जकात त्यात जमा होत असे, अशी परंपरागत समजूत आहे. अंदाजपत्रक मांडून आलेल्या मुलांना या लेखातील आकडे अधिक जवळचे वाटतील.

प्रवास समितीने आगारात जाऊन चौकशी करावी. शैक्षणिक सहलीसाठी एस.टी. महामंडळ भाड्यात पन्नास टक्के सवलत देते. शहापूर व मुरबाड या दोन्ही ठिकाणी आगार आहे. शाळेचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि आगाऊ नोंदणी यांची पूर्तता वेळेत करावी लागते. पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हशाची यात्रा असते. त्या दिवसांत गाडी मिळणे कठीण जाते आणि रस्त्यावर गर्दीही असते. मुंबईकडे जायचे असल्यास घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. अशा बारीक गोष्टी आधी विचारून लिहून ठेवल्या, तर एक रुपयाही वाया जात नाही.

तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भातकापणी आटोपली, की या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्यांच्यासोबत मुलेही शाळेबाहेर पडतात. सहल जानेवारीत काढली तर ही मुले यादीतच नसतात. कोणता सोबती कधी गाव सोडणार आहे, हे कार्यालयापेक्षा त्याच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मुलाला आधी ठाऊक असते. म्हणून तारीख ठरवण्यात मुलांचा शब्द मोलाचा आहे.

भोजन समितीने घरचा डबा की एकत्र स्वयंपाक, याचा हिशेब करावा. रोख पैसा नसलेल्या घरातही भातकापणीनंतर तांदूळ असतात. कोणी रोख द्यावी, कोणी तांदूळ, कोणी भाजी. बाजारभावाने त्याची किंमत जमेस धरावी, म्हणजे ते घर याचक ठरत नाही, वर्गणीदारच ठरते.

हिशेब समितीने किर्द आणि खतावणी ठेवावी. जमा-नावे रोजच्या रोज लिहावे, प्रत्येक खर्चाची पावती डकवावी. कोणी किती दिले हे चव्हाट्यावर येऊ नये म्हणून सर्वांना एकसारखी पाकिटे द्यावीत. ती वर्गशिक्षकांकडे बंद द्यावीत आणि समितीला फक्त एकूण रक्कम कळावी. रक्कम कमी पडली, तर बेत सर्वांसाठी लहान करावा. जवळचे स्थळ घ्यावे, किंवा जेवणाऐवजी डबा न्यावा. परंतु माणसे कमी करू नयेत. हा नियम पहिल्या सभेतच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. सहल झाल्यावर दुसऱ्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी हिशेब तपासावा आणि तो फलकावर लावावा. शिल्लक राहिल्यास ती पुढील वर्षाच्या वर्गाच्या खाती ओढावी.

येथे एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. नियोजन मुलांचे असले, तरी सुरक्षिततेची जबाबदारी मोठ्यांचीच आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेल्या पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्राण गमवावे लागले, हे विसरता येणार नाही. पाण्यात उतरणे, कड्याजवळ जाणे, रात्रीचा प्रवास, पालकांची संमती आणि शिक्षण खात्याचे नियम या बाबींवर मुलांचे मत घ्यावे, परंतु निर्णय शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी करावा. नाणेघाटाच्या चढणीवर कोण पुढे आणि कोण सर्वांत मागे चालणार, हेसुद्धा आधी ठरवावे.

आता समाजाच्या कर्तव्याविषयी. आपला समाज दानशूर आहे. सहलीचा विषय निघाला, की 'गाडीचे पैसे आमच्याकडून' असे सहज म्हणणारे हात येथे अनेक आहेत. त्या औदार्याला वंदन करूनही सांगावेसे वाटते, की पूर्ण खर्च आयता दिला तर मुलांच्या हातून वही आणि पेन्सिल काढून घेतल्यासारखे होते. मग कोणालाच काही मोजावे लागत नाही आणि पुढच्या वर्षी दाता न मिळाल्यास सहलच होत नाही. त्यापेक्षा मुलांनी मेळाव्यातून, बचतीतून, धान्यातून जेवढे जमवले तेवढीच भर दात्याने घालावी. वरील उदाहरणात आठ मुलांच्या निम्म्या वर्गणीमुळे पडणारी तूट १,३२० रुपयांची आहे. वर्गाने त्यातील ६६० रुपये उभे केले, तर उरलेले ६६० रुपये कोणत्याही एका दुकानाला जड नाहीत. देणगी देण्यापूर्वी मुलांचे अंदाजपत्रक मागावे, ते वाचावे, त्यावर दोन प्रश्न विचारावेत आणि सहलीनंतर ताळेबंद पाहावा.

याहून मोलाचे दान म्हणजे वेळ. पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिणारी बोटे या समाजात आहेत. अशा एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याने वर्षातून दोन तास शाळेत जावे आणि किर्द कशी लिहायची, संध्याकाळची शिल्लक रोकडीशी कशी जुळवायची, घासाघीस करताना शब्द कसा राखायचा, हे मुलांना दाखवावे. या शिकवणीला एक पैसाही लागत नाही.

विश्वस्त मंडळास नम्र सूचना अशी, की सुवर्णमहोत्सवी वर्षाचे स्मरण म्हणून दोन्ही तालुक्यांतील काही शाळांपासून या उपक्रमाचा आरंभ व्हावा. अट एकच असावी : ज्या वर्गाच्या यादीत हजेरीपटावरील प्रत्येक नाव असेल, त्याच वर्गाला भर मिळेल. आजारपणाखेरीज एकही नाव वगळलेले नसावे. एवढी एक अट पाळली गेली, तर पुढील हिवाळ्यात घाट चढणाऱ्या रांगेत तो पोटदुखीचे निमित्त सांगणारा विद्यार्थीही असेल, आणि कदाचित खर्चाची वही त्याच्याच हातात असेल.