ताप नेमका कोणत्या दिवशी आला?



विषाणूजन्य आजारांतील रक्त व लघवीच्या तपासणीविषयी मी बोलावे, अशी आपली सूचना आहे. विषय अफाट आहे. म्हणून एडिस डासामुळे पसरणाऱ्या डेंग्यू व झिका या दोन आजारांपुरतेच बोलतो.

प्रयोगशाळा विषाणूचा माग दोन वाटांनी काढते. एक तर प्रत्यक्ष विषाणूचा अंश शोधावयाचा, किंवा त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधावयाची. डेंग्यूचे एनएस-१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उत्तम सापडते. आयजीएम प्रतिपिंडे साधारणतः पाचव्या दिवसानंतर हाती लागतात. सातव्या दिवशी केवळ एनएस-१ तपासून ‘रिपोर्ट निगेटिव्ह, आता काळजी नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे, कारण डेंग्यूची गंभीर अवस्था बहुधा ताप उतरू लागतानाच येते.

झिकाचे प्रकरण अधिक अवघड. हा विषाणू १९४७ साली युगांडातील झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात प्रथम सापडला. २०१५ साली ब्राझीलमध्ये साथ पसरली आणि गर्भवतीला संसर्ग झाल्यास अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे जगापुढे आले. आपल्या राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात अनेक रुग्ण निघाले. त्यांत गर्भवती भगिनीही होत्या.

बहुतेकांना झिकाची लक्षणे जाणवतच नाहीत. ज्यांना जाणवतात, त्यांच्या रक्तात विषाणूचा अंश जेमतेम आठवडाभर सापडतो. लघवीत मात्र तो त्यानंतरही, बहुधा दोन आठवड्यांपर्यंत मिळतो. म्हणूनच आरटी-पीसीआर तपासणीसाठी रक्तासोबत लघवीही मागितली जाते. ‘ताप आला असता लघवी कशाला?’ असे विचारून बाटली रिकामीच परत करणारे रुग्ण असतात! नमुना स्वच्छ, घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्यावा आणि तो थंड पेटीतूनच प्रयोगशाळेत जावा. उष्णतेने विषाणूचा अंश नष्ट होतो, आणि मग येणारे ‘निगेटिव्ह’ उत्तर फसवे ठरते.

मग केवळ प्रतिपिंडांवर का विसंबू नये? डेंग्यू आणि झिका हे एकाच कुळातले विषाणू. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्याची प्रतिपिंडे झिकाच्या चाचणीतही उमटू शकतात. आपल्याकडे डेंग्यू घरोघरी होऊन गेलेला असल्याने हा घोटाळा नेहमीचाच. अशा वेळी नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाठविला जातो. ही संस्था १९५२ पासून याच कामात आहे.

झिकावर खास औषध नाही, हे खरे. तरीही गर्भवतीच्या बाबतीत निदानाला फार मोल आहे. पुढील सोनोग्राफी किती वेळा व कशासाठी करावयाची, हे त्यावर ठरते. तसेच डेंग्यू नाही असे सिद्ध होईपर्यंत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावयाचे असते, कारण त्याने रक्तस्रावाची भीती वाढते.

तेव्हा प्रयोगशाळेचा अर्ज भरताना नाव-वयाबरोबर ताप सुरू झाल्याची तारीख आणि गर्भवती असल्यास कितवा आठवडा, हे अवश्य लिहावे. ती जागा बहुतेक अर्जांवर कोरीच असते.